सकाळी सहाचा आकडा

९ फेब्रुवारी

खालच्या पंपघरातले, सकाळच्या पाळीचे गृहस्थ,

नमस्कार. आधी हात सवयीने 'सप्रेम' लिहून गेला होता. तो शब्द मी खोडला, म्हणून वर शाईचा डाग दिसेल. आपल्यात प्रेम कुठून यायला? पण कागद बदलायचा कंटाळा आला, तेव्हा डागासकट घ्या.

मी वरच्या धरणावरची बाई. बावीस वर्षं रोज सकाळी सहाला आणि दुपारी दोनला फोन करून पाण्याची पातळी आणि किती दरवाजे उघडे आहेत ते सांगत आले, ती मी. तुमचं नाव मला ठाऊक नाही, माझं तुम्हाला नाही. नियमच तसा होता. तुमच्याआमच्यातली लढाई कितीही पेटली तरी ही एक तार कोणी तोडायची नाही, आणि तारेवर आकड्यांखेरीज एक शब्द बोलायचा नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी आमच्या साहेबांनी तीनदा बजावलं होतं की तुम्ही आकडा सांगायचा, ते 'नोंदलं' म्हणतील, की फोन खाली. त्यामुळे आमच्याकडे तुमचं नाव नोंदलंराव पडलं आहे. रागावू नका, ठेवणारी मीच.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. तारेच्या जागी यंत्र बसलं आहे, ते आपलं आपण आकडे पाठवतं. टपाल सुरू झाल्याचं पोस्टातल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा सीमेपलीकडे कोणाला लिहावं याचा विचार केला आणि तुमच्याखेरीज कोणी आठवेना. तुमच्याकडे माझ्या ओळखीचं दुसरं आहे कोण?

तह होऊन आठ महिने झाले. खरं सांगते, बरं वाटतं. इतकं बरं वाटतं की कधीकधी त्याचीच लाज वाटते. खिडक्यांच्या काचा फुटून अंगावर येऊ नयेत म्हणून त्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या मी गरम पाणी आणि सुरी घेऊन दोन दिवस खरवडत होते. आमच्या ह्यांनी गच्चीवर खुर्ची नेऊन ठेवली आहे आणि रविवारी ते तिथे नुसते बसून राहतात. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणाले, काहीच नाही, तेच तर बघतोय. तुमच्याकडची बिस्किटं आमच्या दुकानात आली आहेत. सासूबाईंनी मुद्दाम पुडा आणायला लावला, चार खाल्ली, आणि म्हणाल्या, बिस्किटं चांगली करतात मेले. 'मेले' त्या सगळ्यांनाच म्हणतात, मलाही.

राग गेला असं मात्र समजू नका. पुलावर तुमच्याकडची गाडी दिसली की मी अजून मान फिरवते. परवा त्यातून एक बाई उतरली आणि तिने मला औषधाचं दुकान विचारलं. मी नीट वाट दाखवली, आणि मग घरी येईपर्यंत स्वतःवरच धुसफुसत राहिले. का दाखवली म्हणून, आणि त्यात चिडण्यासारखं काय होतं म्हणूनही.

जाता जाता एक विचारते. अकरा वर्षांपूर्वी, सप्टेंबरच्या अठरा तारखेला, वरच्या डोंगरात फार पाऊस झाला होता. त्या दिवशी तुमच्याकडे पाणी किती चढलं, आठवतं का? वहीत असेलच. सहज विचारते आहे.

धरणावरची


२ मार्च

नोंदलंराव,

तुमचं पत्र आलं. चार पानं! बावीस वर्षांत एक शब्द बोलणारा माणूस चार पानं लिहील असं मला वाटलं नव्हतं. आमच्या ह्यांना मी म्हटलं, बघा, तुम्ही समोर असून बोलत नाही.

तुमच्याकडे मला शिंकबाई म्हणतात हे वाचून आधी राग आला आणि मग हसू आलं. दरवर्षी थंडीत माझं नाक वाहतं हे खरं आहे, पण फोनवर शिंक येऊ नये म्हणून मी श्वास धरून ठेवत असे. तरी ती ऐकू गेलीच म्हणायची. तुमच्या नातीचे समोरचे दोन दात एकाच दिवशी पडले, तुमच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, तुमच्या बायकोने शाळेची नोकरी सोडून घराखाली वह्या-पेन्सिलींचं दुकान काढलं, सगळं समजलं. पंप बंद झाल्यावर त्या शांततेत झोप लागेना म्हणून तुम्ही पंखा मोठ्याने लावता, हेही समजलं. मी विचारलेली एकच गोष्ट तुमच्या चार पानांत नाही.

तुम्ही घरच्यांची चौकशी केलीत, म्हणून सांगते. मला एक धाकटा भाऊ आहे. तो शहरात बस चालवायचा. त्याच अठरा तारखेला, पहाटे सव्वापाचला, तो पहिली गाडी काढायला आगारात गेला होता आणि तुमच्या बाजूने आलेला गोळा आगारात पडला. दोन मेकॅनिक गेले. माझ्या भावाचा उजवा पाय गुडघ्यावरून गेला. आता तो त्याच आगारात तिकिटांच्या खिडकीत बसतो. खिडकीतून त्याचं नुसतं वरचं अर्धं दिसतं, आणि नव्या प्रवाशांना काही कळत नाही, याची त्याला मजा वाटते. तहाची बातमी आली तेव्हा तो म्हणाला, बरं झालं, आता पोरांना घेऊन नदीवर जाता येईल. तुमची बिस्किटं मात्र तो खात नाही.

पावणेसहाला वहिनीचा फोन आला. सहाला मला तुम्हाला फोन करायचा होता. रात्रभरच्या पावसामुळे साडेपाचला आम्ही सहा दरवाजे उघडले होते, आणि मी तुम्हाला 'दोन' सांगितले. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. अशा वेळी चूक होते, तुम्हीही समजू शकाल. म्हणून विचारलं होतं की त्या दिवशी पाणी किती चढलं.

आता तरी कळवा.

धरणावरची


२१ मार्च

नोंदलंराव,

तीन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. पोस्टातल्या बाई मला लांबून बघूनच मान हलवतात. तुम्ही आजारी असाल, किंवा टपाल कुठे अडकलं असेल. किंवा माझं पत्र वाचून तुम्हाला काय ते कळलं असेल आणि म्हणून तुम्ही मूग गिळून बसला असाल. तसं असेल तर तुमचं बरोबर आहे, कारण मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

ती चूक नव्हती.

आमची नियंत्रण खोली लहान आहे. एक टेबल, एक फोन, आणि समोर भिंतीवर फळी. फळीवर प्रत्येक दरवाज्याचा एक दिवा, उघडला की लाल होणारा. त्या सकाळी फोन हातात घेतला तेव्हा सहा लाल दिवे माझ्या नाकासमोर होते. ते मी मोजले. भिंतीवर नदीचा नकाशाही आहे. त्यात वळणाच्या पुढे, तुमच्या काठावर, सखल जागी वीटभट्टी दाखवली आहे आणि शेजारी कामगारांच्या खोल्या. सहा दरवाज्यांचं पाणी तिथे पोचायला अडीच तास लागतात आणि तेवढ्यात माणसं हलवायची असतात, म्हणून तर तो सहाचा फोन. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी मी पातळी खरी सांगितली आणि दरवाजे 'दोन' म्हटलं. तुम्ही म्हणालात, 'नोंदलं.'

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते तसंच लिहिते, गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मनात होतं की भोगा. पोटभर भोगा. विटा थापणाऱ्या माणसांनी माझ्या भावावर गोळा टाकला नव्हता हे मला तेव्हाही समजत होतं, आणि समजूनही मला फरक पडत नव्हता.

अडीअडचणीला मधेच फोन करायची मुभा होती, हे तुम्हाला माहीत आहे. आठ वाजेपर्यंत मी तीनदा हात पुढे केला. पहिल्यांदा रागाने मागे घेतला. नंतरच्या दोन्ही वेळा भीतीने, कारण आता खरं सांगायचं तर आधी खोटं सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. आठ वाजून गेले. मग हात पुढे करण्यात काही अर्थ उरला नाही. मी दवाखान्यात भावाजवळ जायला हवं होतं, तर खुर्चीत बसून दिवे बघत होते. दोनला तुम्हाला 'सहा' सांगितले. तुम्ही 'नोंदलं' म्हणालात, रोजच्यासारखंच. मी वहीत दोन्ही वेळेला सहा लिहिले आणि बसने दवाखान्यात गेले.

त्यानंतर अकरा वर्षं रोज दोनदा मी तुमचा तो एक शब्द कान देऊन ऐकला. त्यात काही सापडतं का, म्हणून. आवाज जड आहे का, तुटक आहे का, तुमचं कोणी गेलं का. काही सापडलं नाही. तुमच्याकडची वर्तमानपत्रं आमच्याकडे येत नव्हती आणि विचारायचं कोणाला? शिंक येऊ नये म्हणून श्वास धरत होते असं मी मागे लिहिलं, तेही अर्धंच खरं आहे.

तुम्हाला माहीत असेल, दोन्ही बाजूंची मिळून समिती बसली आहे. लढाईच्या काळात ज्याने जे केलं ते त्याने स्वतः येऊन सांगायचं. एप्रिलअखेर मुदत आहे. मी फॉर्म आणला आहे. 'तुमच्या कृतीमुळे कोणी दगावलं का, किती' असा त्यात रकाना आहे आणि तिथे माझं घोडं अडलं आहे. मला तो खरा भरायचा आहे. किती माणसं होती, मुलं होती का, ते कळवा. तुम्हाला मला शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण आकडा आधी लिहा.

धरणावरची


४ एप्रिल

नोंदलंराव,

तुमचं उत्तर अजून नाही, तरी लिहिते, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

काल मी भावाला सगळं सांगितलं. तिकिटांची खिडकी बंद झाल्यावर आम्ही आगारातल्या बाकावर बसलो होतो. तो डबा खात होता. मला वाटलं होतं, तो म्हणेल, ताई, माझ्यासाठी तू एवढं केलंस. खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात मला तेच ऐकायचं होतं.

त्याने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "ताई, माझ्या पायाचं नाव त्याला देऊ नकोस. मी तुला सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, तू शुद्धीवर कुठे होतास. तो म्हणाला, "म्हणूनच सांगतोय. शुद्धीवर असतो तर नको म्हटलं असतं."

मग तो कुबड्या घेऊन उठला आणि मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला, एरवी येत नाही. वाटेत त्याने मुलीच्या परीक्षेच्या, नव्या मॅनेजरच्या गोष्टी सांगितल्या. बस आली तेव्हा म्हणाला, उत्तर आलं की मला कळव, काहीही असलं तरी. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या आजींनी त्यांची पिशवी माझ्या पायांवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

आमचे हे म्हणतात, फॉर्म भरू नकोस, पेन्शन बंद करतील. सासूबाईंना मी काही सांगितलेलं नाही, पण त्या हल्ली माझ्या ताटात एक पोळी जास्त वाढतात, म्हणजे त्यांना काहीतरी वास लागला आहे.

लिहा हो. वाईट असलं तरी लिहा.

धरणावरची


१९ एप्रिल

नोंदलंराव,

तुमचं पत्र परवा मिळालं. तुम्ही दवाखान्यात होतात आणि माझी तिन्ही पत्रं पंपघराच्या पेटीत पडून होती, हे वाचलं. गुडघा नवा बसला हे चांगलं झालं. आता जपा, लगेच जिने चढू नका.

पुढची ओळ वाचली तेव्हा मी पोस्टाच्या पायरीवर उभी होते. तिथेच खाली बसले. 'कोणीही दगावलं नाही.' ही ओळ मी सात-आठ वेळा वाचली असेल. पोस्टातल्या बाई पाण्याचा ग्लास घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं कोणीतरी गेलं. मी म्हटलं, अहो नाही, कोणी गेलं नाही, आणि हसायला लागले. घरी गेले, दुपारी एकला झोपले ते सहाला उठले. अकरा वर्षांत मी दुपारी झोपले नव्हते. जिवात जीव येणं म्हणतात ते काय, मला आता कळलं.

भट्टीतल्या कच्च्या विटांचा चिखल झाला, एक हातगाडी आणि एक सायकल वाहून गेली, आणि सायकलवाला पुढे वर्षभर सगळ्यांना ती नवी होती म्हणून सांगत फिरला. माणसं सातच्या आत वर शाळेत नेली होती. हे वाचून झाल्यावर मला पहिला प्रश्न पडला की का नेली? मी तर दोन म्हटले होते. आणि मग तुमचं तिसरं पान आलं.

तर वळणावर तुमचा माणूस बसवलेला होता. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून. मी आकडा सांगायचे, तुम्ही 'नोंदलं' म्हणायचात, आणि मग तो माणूस खांबावर चढलेलं पाणी बघून तुम्हाला खरं काय ते कळवायचा. तो सांगेपर्यंत माझा आकडा तुम्ही वहीत पेन्सिलीने लिहायचात. पेन्सिलीने!

उठले, चहा केला, आणि मग मला असा संताप आला म्हणून सांगू. पहिली अकरा वर्षं मी तापात गेले, मुलगी पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत गेले, गोळे पडत होते तेव्हा टेबलाखाली बसून फोन केला. एक आकडा कधी इकडचा तिकडे केला नाही. आणि पलीकडे तुम्ही पेन्सिल घेऊन बसला होतात! आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, त्यांनी विश्वास ठेवला असता तर आज तू कुठे असतीस? मी म्हटलं, ते मला कळतं, पण मला रागावू द्या. तेव्हा एक दिवस पुरता रागावले. तुमच्या लोकांवर, तुमच्यावर, तुमच्या त्या वळणावरच्या माणसावर. मग त्याच माणसामुळे मी आज दुपारी झोपू शकते हे आठवलं, आणि राग धरायलाच काही उरलं नाही. तो माणूस अजून असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

माझं खोटं तुम्हाला त्याच सकाळी कळलं होतं. तरी तुम्ही तुमच्या साहेबांना कळवलं नाहीत. कळवलं असतं तर तार तुटली असती, असं लिहिलं आहे. आणि पुढे लिहिलं आहे की सहा वाजता तुमच्या रेडिओवर आगाराची बातमी मोठ्या फुशारकीने सांगत होते, त्यातच माझा फोन आला, आणि आकडा खोटा निघाल्यावर या बाईचं कोणीतरी तिथे होतं हे तुम्हाला कळलं. मला वाचवलंत एवढंच नाही, पुढची तीन वाक्यंही तुम्ही माझ्या भावासाठी लिहिलीत. ती मी इथे पुन्हा लिहीत नाही. त्याला दाखवली आहेत.

पण खरं मला अजून पचलेलं नाही ते तुमचं शेवटचं पान. त्या दिवसानंतर तुम्ही वळणावरचा माणूस काढून घेतलात. मला वाटलं मी चुकीचं वाचते आहे. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलं आहे, 'खोटं बोलताना तुमचा आवाज कसा होतो ते त्या दिवशी मी ऐकलं. पुन्हा तो आवाज आला तर मला ओळखता आला असता. म्हणून माणूस बसवायची गरज उरली नाही. नंतरचे सगळे आकडे शाईने लिहिले आहेत.'

म्हणजे ज्या अकरा वर्षांत मी तुमच्या आवाजात मेलेली माणसं शोधत होते, त्या अकरा वर्षांत तुम्ही माझ्या शब्दावर एक गाव झोपू दिलंत. माफी मागायची होती, ती कुठल्या शब्दांत मागावी ते कळत नाही, पण मागते आहे असं समजा.

फॉर्म मी काल दिला. ह्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण स्कूटरवरून सोडायला तेच आले. खोटं सांगितलं ते सांगितलंच, ते लिहिलं. दगावलेल्यांच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. लिहून झाल्यावर टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, बाई, मग तुम्ही आलात कशाला? मी म्हटलं, हे 'नाही' लिहायला.

तिथून आगारात गेले. खिडकीसमोर रांग होती, मीही रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आल्यावर तुमचं पत्र आत सरकवलं. त्याने मागच्या लोकांना थांबवून चारही पानं वाचली. कोणी कुरकुरलं नाही, का कोण जाणे. त्याने पत्राची घडी घातली आणि ते काचेखालून परत सरकवलं.

मग म्हणाला, "माझ्याकडून एवढंच लिही त्यांना. कोणी मेलं नाही, ते बरं झालं."

लिहिलं आहे.

धरणावरची